नोको काकू

नव्या शेजाऱ्यांकडे पहिल्यांदा जाताना माणसं चहाचं विचारतात, नळाला पाणी कधी येतं ते सांगतात. मेश्राम काकू आमच्याकडे आल्या आणि दारातूनच त्यांनी विचारलं, "फ्रिज कुठं ठेवून राहिल्या?" पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या, मरोद्याच्या त्या क्वार्टरमध्ये आम्ही सकाळीच आलो होतो; अर्धं सामान अजून व्हरांड्यात होतं. आईनं गोंधळून स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. काकू सरळ आत गेल्या. मागच्या अंगणात उघडणारं दार त्यांनी ओढून पाहिलं, कडी हलवून पाहिली आणि ती ढिली असल्याचं आईला सांगितलं. "आजच बसवून घ्या. आन् माझा पोरगा आला तर त्याले काही देऊ नोका. पाणी द्या फक्त." एवढं बोलून मग त्यांनी आपलं नाव सांगितलं आणि निघून गेल्या. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले तेव्हा ती त्यांना म्हणाली की ही बाई आपल्याला चोर समजते की स्वतःच्या पोराला, काही कळलं नाही.

कॉलनीतल्या मुलांमध्ये त्यांचं नाव आधीच ठरलेलं होतं, नोको काकू. भंडाऱ्याकडच्या बोलीतला तो गोल, ठसठशीत 'नोको' त्यांच्या तोंडात दिवसभर असायचा. कुणाच्या वाढदिवसाला केक कापला की कुंपणावरून आवाज यायचा, त्याले देऊ नोको. कुणी शेंगा खात रस्त्यानं चाललं असलं तर, इकडून जाऊ नोको. आंब्याच्या दिवसांत त्या स्वतः आमच्या अंगणात येऊन झाडाखाली पडलेल्या कैऱ्या वेचायच्या आणि ओच्यात घालून थेट कॉलनीच्या टोकाला, गाईंपुढे टाकून यायच्या. लोकांना वाटायचं की बाईचं डोकं जरा फिरलेलं आहे. आमच्या आईलाही काही महिने तसंच वाटलं.

त्यांना दोन मुलं, थोरली सुषमा आणि धाकटा आनंद. आनंद माझ्याच वयाचा होता. बुटका, फार गोल, हातापायांचे पंजे मात्र लहान मुलासारखे इवले. त्याला तयार कपडे बसायचेच नाहीत. पोटावर बसेल असा शर्ट घेतला तर तो गुडघ्यापर्यंत यायचा, म्हणून काकू मोठ्या माणसांच्या विजारी कापून त्याला शिवायच्या. चालताना त्याला धाप लागायची. वाटेतल्या प्रत्येक नालीच्या कठड्यावर तो बसून घ्यायचा. ज्या खास शाळेत तो जायचा तिथे दुपारी बाकावरच झोपून जायचा, कारण रात्री आडवं झाल्यावर श्वास अडकायचा आणि नीट झोपच व्हायची नाही. पण बोलणं असं गोड की ऐकणाऱ्यानं विरघळावं. आमच्या दारात पहिल्यांदा आला तो दोन्ही हात जोडून, आणि आईला म्हणाला, "काकू, आज तुमी एकदम बढिया दिसून राहिल्या. पोळी आहे?"

लोक त्याला गोलू म्हणायचे. प्रेमानंच म्हणायचे. काकू मात्र हातातलं काम टाकून तिथपर्यंत चालत जायच्या आणि शांतपणे सांगायच्या, "त्याचं नाव आनंद आहे." एकदा शाळेच्या बसचा ड्रायव्हर हसत म्हणाला की बाई, गोलूला गोलू नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? काकूंनी त्याला त्याचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं. काकू म्हणाल्या, बरं, मी तुला टकल्या म्हणत नाही ना. दुसऱ्या दिवसापासून बसमधून हाक यायला लागली, आनंद बाबू, आ जाओ.

खरं काय आहे ते आईला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही गहू निवडता निवडता. आनंद जन्मला तेव्हा कापसाच्या बाहुलीसारखा लुळा होता. त्याला दूधसुद्धा ओढता यायचं नाही. काकू वाटीत दूध काढून कापसाच्या वातीनं त्याच्या ओठांत थेंब थेंब पिळायच्या. एवढंसं दूध पोटात जायला अर्धी दुपार जायची. हा कधी आपल्या तोंडानं मागून खाईल, एवढीच एक इच्छा तेव्हा त्यांना होती. मग तो चालायला लागला, मागायला लागला, आणि थांबेचना. घरच्यांना आनंद झाला. आजी गावाहून तुपाचा डबा घेऊन आली. पोर दिसामासानं फुगत गेलं तरी कुणाला काही वावगं वाटलं नाही. शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं आणि साध्या हिंदीत समजावलं की या मुलाची भूक कधीच भागत नाही. ताटावरून उठतानाही तो भुकेलाच असतो, आणि जन्मभर असणार आहे. याला औषध नाही. हाताशी अन्न असलं तर हा खात राहील, त्यातच एक दिवस जाईल.

"त्याच्या पोटाले 'बस' म्हणता येत नाही, ताई," काकू आईला म्हणाल्या. "थे म्हणत नाही, तर मले म्हणा लागते."

आईनं विचारलं की मग हे सगळ्यांना सांगत का नाही? काकू म्हणाल्या की सांगून पाहिलं. लोक ऐकून घेतात, मान हलवतात आणि म्हणतात, असू द्या हो, डोक्यानं कमी आहे बिचारा, पोटानं तरी सुखी राहू द्या. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या साहू चाची तर उघडच बोलायच्या. त्यांचं घर म्हणजे सदा चूल पेटलेली. फरा, चीला, ठेठरी, काही ना काही चाललेलंच. आनंद त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला की त्यांना राहवायचं नाही. काकू त्याला ओढत घरी नेत असताना त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "अपन लइका ला भूखन मारत हे." आपल्याच पोराला उपाशी मारते ही बाई. काकू मागे वळून पाहायच्या नाहीत.

त्यांच्या स्वयंपाकघराला कुलूप असायचं. किल्ली गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या पोतीत ओवलेली. फ्रिज स्वयंपाकघरात, तांदूळ लोखंडी पेटीत, कचऱ्याची बादलीसुद्धा कुलपाआड. आनंद कच्चे तांदूळ खायचा, कणीक खायचा, एकदा तर त्यानं कोंबड्यांसाठी ठेवलेला कोंडा खाल्ला होता. मेश्राम काका प्लांटच्या रेल मिलमध्ये होते, जिथे रूळ बनतात. भिडस्त, हळू बोलणारे. त्यांना समोसे फार आवडायचे आणि ते कँटीनमध्ये खाऊन यायचे. येताना चूळ भरायचे, साबणानं हात धुवायचे, तरी आनंद फाटकातच त्यांचा हात नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, "बाबा, समोसा. दोन." काका वरमून उभे राहायचे. काही दिवसांनी त्यांनी समोसा सोडला. काकूंनी त्यांना कधी तसं सांगितलं नव्हतं.

नकार मिळाला की आनंद नेहमी गोड राहायचा असं नाही. कधी तो रस्त्यातच जमिनीवर बसायचा, दगड फेकायचा, काकूंना चावायचा. त्यांच्या उजव्या हातावर दातांच्या जुन्या-नव्या खुणा होत्या. अशा वेळी काकू मारायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. त्याच्या मागे जमिनीवर बसून दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरून ठेवायच्या. तेवढं वजन आवरताना त्यांचा चेहरा लाल व्हायचा. येणारेजाणारे थांबून बघायचे. त्याचा राग ओसरला की त्या विचारायच्या, "झालं? चाल आता." मग दोघं उठून, कपडे झटकून घरी जायचे.

काकू मुळात खाऊ घालणाऱ्या बाई होत्या हे आम्हाला कळलं माझ्या आत्याच्या साखरपुड्याला. पाहुणे गोंदियाहून येणार होते आणि आईला मटक्यावरची लांब रोटी करायची होती. पण तिला ती काही साधत नव्हती. सकाळी आनंद शाळेच्या बसमध्ये बसला तशा काकू आमच्या अंगणात आल्या, आईला बाजूला सारलं आणि पातळ, तार सुटलेली कणीक हातावर घेतली. दोन्ही हातांवरून ती कणीक अशी लोळवायच्या की बघता बघता कोपरापर्यंत रुमालासारखी लांबायची, आणि मग एका झटक्यात उलट्या मटक्यावर पडायची. बायका काम सोडून बघत उभ्या राहिल्या. काकू हसत होत्या, माहेरचं काहीबाही सांगत होत्या; लग्नाआधी गावातल्या कुठल्याही कार्याला रोट्या करायला आधी यांनाच बोलावणं यायचं. मी त्यांना तशा कधी पाहिलंच नव्हतं. सगळं झाल्यावर आईनं त्यांच्यासमोर गरम रोटी आणि वाटीभर मटण ठेवलं. काकूंनी वाटी मागे सरकवली. "नोको ताई. घरी गेली का तोंडाचा वास घेते थो." नळाखाली कोपरापर्यंत हात घासून त्या बस यायच्या आत घरी गेल्या.

त्यानंतरच्या बुद्धपौर्णिमेला ते घडलं. विहारात वंदना झाली आणि खीर वाटणं सुरू झालं. काका ड्युटीवर होते, काकू बायकांबरोबर भांडी लावत होत्या आणि आनंद माझ्यासोबत मांडवात बसला होता. मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात तो उठला. रांगेतल्या प्रत्येक वाढणाऱ्या बाईपुढे जाऊन त्यानं हात जोडले आणि प्रत्येकीनं त्याला एकच वाटी दिली. आपण दिली तीच एक, असंच प्रत्येकीला वाटलं. काकूंच्या लक्षात आलं तेव्हा तो कुठेच दिसेना. सापडला तो विहाराच्या मागे. उरलेल्या खिरीचं पातेलं पायांत धरून तो खात होता. पोट ढोलासारखं ताणलं होतं, घाम सुटला होता, आणि पोट दुखतंय असं तो सांगतही नव्हता. अशा मुलांना दुखणं फारसं जाणवत नाही, उलटीही सहज होत नाही. आम्हाला हे काहीच माहीत नव्हतं. काकूंना माहीत होतं. त्यांनी पातेलं लाथेनं उडवलं आणि जन्मात पहिल्यांदा ओरडल्या, "गाडी आणा."

हॉस्पिटलात त्याच्या नाकातून नळी घालून पोट रिकामं करावं लागलं. पोट फुटलं असतं, थोडक्यात वाचला, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवस तो तिथेच होता. आणि मग भेटायला माणसं यायला लागली. पिशवीत केळी, बिस्किटांचे पुडे, कुणी शिऱ्याचा डबा घेऊन. काकू वॉर्डच्या दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातली पिशवी काढून घ्यायच्या, पलीकडच्या वॉर्डातल्या कुणालातरी नेऊन द्यायच्या आणि मगच आत सोडायच्या. त्या दिवसांत त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. 'नोको' सुद्धा म्हणाल्या नाहीत.

आनंद घरी आला त्या रविवारी वंदना संपल्यावर काकू उभ्या राहिल्या. त्या कधी चारचौघांत बोलल्या नव्हत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. आधी त्यांनी सांगितलं की माझा कोणावर राग नाही, तुम्ही सगळे त्याच्यावर माया करता हे मला माहीत आहे. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही थोडक्यात सांगितलं. मग म्हणाल्या,

"तुमी म्हणता, बिचाऱ्याले खाण्याबिगर दुसरं सुख काय आहे. तर मंग द्या ना त्याले दुसरं सुख. त्याले कोणी खेळाले बोलवत नाही. कोणी फिराले नेत नाही. दारात आला का हातावर पोळी ठेवता आन् दार लावून घेता. दोन मिनटाचं काम होते तुमचं."

बायका आपापल्या मुलांना घेऊन उठल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईनं चपला घातल्या, काकूंच्या फाटकाशी गेली आणि हाक मारली, "आनंद, चाल, तलावाकडे जाऊ." आनंदनं आधी विचारलं की तलावाकडे काय खायला आहे. आई म्हणाली, काही नाही. तो विचारात पडला, तरी गेला. वाटेत पाच-सहा वेळा बसला असेल. तलाव त्या दिवशी आलाच नाही. दोघं अर्ध्यातून परतले, आणि आई म्हणाली की मीच दमले.

चालणं त्याला आवडत नव्हतं हे उघड होतं. पण काकूंना एक गोष्ट माहीत होती. चित्राचे तुकडे जोडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. ज्या मुलाला दहापर्यंत धड मोजता येत नव्हतं, तो विखुरलेले तुकडे पाहून क्षणात ओळखायचा की हा वाघाचा कान आहे आणि हा इथे बसणार. काकूंनी जुन्या कॅलेंडरचं एक चित्र पुठ्ठ्यावर चिकटवलं, कात्रीनं वेडेवाकडे तुकडे केले आणि सकाळी गल्लीत घरोघरी एकेक तुकडा देऊन आल्या. संध्याकाळी आनंद आला की त्याला हा द्या, बाकी काही नाही. तो दारात हात जोडायचा, हातावर तुकडा पडायचा. सगळे तुकडे गोळा झाले की आमच्या व्हरांड्यात फरशीवर बसून तो चित्र पुरं करायचा, आणि मुलं भोवती उकिडवी बसून बघायची. मग गल्ली पुरेना. काकू पलीकडच्या रस्त्यावरच्या घरांत तुकडे द्यायला लागल्या, मग त्याच्याही पलीकडे. पोराचं चालणं वाढत गेलं. एक तुकडा साहू चाचींकडेही असायचा. आपल्याच पोराला उपाशी मारणारी म्हणून ज्यांनी काकूंना नावं ठेवली होती, त्या चाची आता पाहुण्यांना दटावायच्या की तो येण्याच्या वेळेला माझ्या ओट्यावर बसून काही खायचं नाही.

महिन्यातून एकदा काकू त्याला पावर हाउस नावाच्या बाजारपेठेत नेत. तिथल्या स्टेशनावर वजनाचं जुनं यंत्र होतं, लाल-हिरवे दिवे लागणारं. त्यावर उभं राहायला आनंदला भारी आवडायचं. खरी परीक्षा तिथपर्यंत पोचण्याची होती, कारण वाटेत भजी तळणारे, जिलेबीवाले, उसाचा रस. काकू त्याचा हात धरून सबंध बाजार ओलांडायच्या आणि त्याला यंत्राच्या दिव्यांबद्दल विचारत राहायच्या, आज लाल आधी लागेल की हिरवा. मी एकदोनदा सोबत गेले होते. बाहेर पडलेल्या तिकिटावर मागे भविष्य छापलेलं असायचं. आनंद ते मोठ्यानं वाचायला लावायचा. लवकरच नोकरीत बढती मिळेल, असं निघालं की घरी येऊन सगळ्यांना सांगायचा. वजन कधी जरासं उतरलेलं असायचं, बहुतेक वेळा तेवढंच. मी काकूंना म्हटलं की इतकं करून काहीच फरक नाही. त्या म्हणाल्या, "वाढलं नाही ना? मंग झालं तर. हे बी कमाईच आहे, बाई."

असे बरेच महिने गेले आणि एके दिवशी आनंद न बसता तलावापर्यंत गेला. तिथे पाण्याकडे पाहत उभा राहिला आणि आईला म्हणाला, "घर चलें?" आई हे सगळ्यांना सांगत सुटली. काकूंनी ऐकून घेतलं आणि त्याच्या विजारीचा कंबरपट्टा आत घ्यायला सुई-दोरा काढला.

पुढे मी शिकायला पुण्याला गेले आणि तिथेच नोकरीला लागले. मेश्राम काका निवृत्त झाले. प्लांटचं क्वार्टर सोडावं लागतंच. त्यांनी हुडको नावाच्या वसाहतीत एक लहान घर घेतलं. मरोद्यातून हुडको काही लांब नाही, पण काकूंच्या दृष्टीनं ते परकं गाव होतं. नवी गल्ली, नवी दारं, प्रत्येक घरात फ्रिज, आणि आनंदच्या गोड बोलण्याला पहिल्यांदाच सामोरे जाणारे लोक. त्यांचे गुडघे तेव्हा गेलेले होते. पुन्हा घरोघरी जाऊन सांगायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. आई मला फोनवर म्हणाली की नोको काकू पहिल्यांदाच घाबरलेल्या दिसल्या.

सामान हललं त्याच्या दुसऱ्या दिवशी आई, साहू चाची आणि गल्लीतल्या आणखी दोघी एका ऑटोत बसून हुडकोला गेल्या. काकूंना त्यांनी घरात बसवलं आणि स्वतः त्या गल्लीतलं एकेक दार वाजवलं. आनंदला सोबत घेतलं होतं, म्हणजे लोकांनी त्याला नीट पाहून ठेवावं. बोलायचं काम चाचींनी आपल्याकडे घेतलं. "ये लड़का बहुत मीठा बोलेगा," त्या प्रत्येक घरी सांगत होत्या, "आप पिघलना मत. खाने को कुछ नहीं देना. बात करना, काम बताना, घुमाने ले जाना." मग त्याला खाणं का द्यायचं नाही ते समजावायच्या, इतकं सविस्तर की एका घरच्या बाईंनी विचारलं, आप इसकी माँ हैं? चाची म्हणाल्या, माँ घर पे है, मैं चाची हूँ. हे आईनं मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, काकू काय म्हणाल्या? आई म्हणाली, काही नाही, चहा केला त्यांनी आमच्यासाठी. बिनसाखरेचा.

हुडकोतही काकूंनी आनंदला चालवलं. त्या स्वतः फाटकाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि शेजारची मुलं त्याला नेऊन आणायची. तो आता तिशीला आला होता. सडपातळ तो कधीच झाला नाही; पण जिना चढायचा, आडवा पडून शांत झोपायचा. काका त्याला नागपूरला दाखवून आले, तेव्हा डॉक्टरीणबाई एवढ्या वर्षांनी त्याला पाहून म्हणाल्या की मला ह्याच्या आईला भेटायचं आहे. काकूंनी ते ऐकून विचारलं होतं, "कावून? माझं काही चुकलं का?"

काकू गेल्या त्या अशाच एका संध्याकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदय थांबलं म्हणाले. मी पुण्याहून पोचले तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. हुडकोच्या घरासमोर दोन्ही गल्ल्यांतली माणसं बसली होती, मरोद्याची आणि तिथली. आनंद दारात उकिडवा बसून येणाऱ्यांच्या चपलांच्या जोड्या लावत होता. कुणाची चप्पल वाकडी पडली की उठून सरळ करायचा. माणसं त्याच्याकडे बघायची आणि डोळे पुसायची. तो मात्र रडत नव्हता. सुषमा, त्याची मोठी बहीण, दुर्गला शिक्षिका आहे. ती नवऱ्यासह आता इथेच राहायला येणार होती. तिनं मला हळूच सांगितलं की आई गेल्यापासून हा एकदाही रडला नाही, तिच्याबद्दल एक शब्द बोलला नाही, याचीच भीती वाटते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तिनं आनंदला जेवायला बसवलं. छोटं ताट, एक लहान भाकर, दोडक्याची भाजी, काकडी. मग तिनं तसंच, तेवढंच वाढलेलं दुसरं ताट स्वतःसाठी घेतलं आणि त्याच्या समोर बसली. मी म्हटलं की तू दोन दिवस नीट जेवली नाहीस, थोडं जास्त घे. सुषमानं मान हलवली. "आई असंच जेवे," ती म्हणाली. "सारी जिंदगी. त्याले जेवढं, तेवढंच. आमाले लहानपणी वाटे, तिले भूकच लागत नाही." मीही तसंच एक ताट मागून घेतलं आणि त्यांच्याजवळ बसले.

आनंदचं जेवण पटकन झालं. त्यानं ताटातला शेवटचा कण बोटानं टिपला. मग बराच वेळ तो सुषमाकडे बघत राहिला आणि त्यानं विचारलं,

"दीदी, आता आई नाही. तर मले जास्त भेटन?"

सुषमाच्या हातातला घास तसाच राहिला. व्हरांड्यातून काका दारापर्यंत आले आणि चौकट धरून उभे राहिले. मला वाटलं, आज तरी ती त्याला अर्धी भाकर देईल. कुणीही दिली असती.

"नाही, आनंद," सुषमा म्हणाली. "आई देत होती, तेवढंच."

तो ऐकत राहिला. "हाव," म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा वाकडा झाला, खालचा ओठ थरथरला आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, हुंदके देत, लहान पोरासारखा आईला हाका मारत. सुषमानं उष्ट्या हातानंच त्याचं डोकं ओढून छातीशी धरलं. काका आत येऊन त्याच्यामागे जमिनीवर बसले. तो शांत होईपर्यंत आमच्यातलं कुणीच ताटावरून उठलं नाही.